जुन्या चेनसॉची ऑइलची नळी बदलताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

मे महिन्याच्या अखेरीस वळवाचे वादळ येऊन गेले की शिरपूर, चोपडा, यावल या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात बांधावरचे निंब आणि बाभळी आडव्या पडतात आणि वर्षभर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली चेनसॉ यंत्रे एकाच आठवड्यात बाहेर निघतात. त्यांपैकी जुन्या यंत्रांची तक्रार बहुधा एकच असते. साखळी कोरडी चालते, साखळी जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी तापून तिच्यातून धूर येतो, आणि यंत्र जिथे ठेवले होते तिथे मात्र ऑइलचे थारोळे साचलेले असते. साखळीला ऑइल मिळत नाही आणि जमिनीवर सांडते, या दोन तक्रारी परस्परविरोधी वाटत असल्या तरी दोन्हींचे मूळ अनेकदा एकाच वीतभर रबरी नळीत असते.

‘पंप गया’ असे सांगून पंप बदलला जातो, जुनी नळी नव्या पंपाला तशीच चढवली जाते आणि आठ दिवसांत तक्रार परत येते. मी स्वतः पहिल्यांदा हेच केले होते. नवा पंप बसवूनही साखळी कोरडीच राहिली, तेव्हा काढून ठेवलेला जुना पंप ऑइलमध्ये बुडवून फिरवून पाहिला आणि तो व्यवस्थित ऑइल फेकत होता. त्यानंतर नळी हातात घेऊन अंगठ्यावर वाकवली, तर बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या त्या नळीच्या वळणावर नखाएवढी भेग उघडली. तेव्हापासून पंपाला हात लावण्याआधी मी नळी तपासतो.

हे काम अवघड नाही, परंतु दोन ठिकाणी हमखास बिघडते. एक म्हणजे क्लच (इंजिनाची ताकद साखळीला जोडणारा भाग) उघडताना आणि दुसरे म्हणजे नव्या नळीचा ओठ, म्हणजे तिच्या अंगावरची जाड कड, ऑइलच्या टाकीच्या भिंतीत बसवताना. पुढील टप्प्यांत या दोन ठिकाणी मुद्दाम अधिक वेळ घेतला आहे.

## आधी खात्री: दोष नळीचाच आहे का?

ऑइलचा मार्ग ध्यानात असला म्हणजे दोष शोधणे सोपे जाते. टाकीच्या तळाशी एक लहान गाळणी असते. तिच्यातून ऑइल नळीत शिरते, नळी टाकीची भिंत ओलांडून क्लचच्या मागे बसवलेल्या पंपापर्यंत जाते, तिथे वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या दात्यांचा गिअर, पंपाचा दांडा फिरवतो आणि ऑइल पट्टीच्या मागील छिद्रातून पट्टीच्या खाचेत व तिथून साखळीवर पोहोचते. हा पंप ओढण्याच्या बाबतीत फार ताकदवान नसतो. नळीला केसाएवढी भेग असली तरी तो ऑइलऐवजी हवा ओढू लागतो.

तपासण्या पुढील क्रमानेच कराव्यात, कारण पहिल्या तिन्हींना एक रुपयाही खर्च येत नाही.

१. पट्टीचे छिद्र. पट्टी काढून तिच्या बुडाशी असलेले ऑइलचे बारीक छिद्र पाहावे. बाभळीचा भुसा आणि ऑइल मिळून जो काळा लगदा तयार होतो, तो या छिद्रात दगडासारखा बसतो. बारीक तारेने छिद्र मोकळे करावे आणि हॅकसॉचे जुने पाते खाचेतून ओढून सर्व मळ बाहेर काढावा. यंत्राच्या अंगावर, पट्टी टेकते त्या जागेतले ऑइलचे छिद्रही पुसून घ्यावे.

२. पुठ्ठ्याची चाचणी. पट्टी आणि साखळी पुन्हा बसवून, ऑइलची टाकी भरून यंत्र सुरू करावे. पट्टीचे टोक स्वच्छ पुठ्ठ्यापासून साधारण १५ ते २० सेंटिमीटर वर धरून अर्ध्याहून जास्त रेस द्यावी. टोक पुठ्ठ्याला किंवा जमिनीला टेकू देऊ नये. मिनिटभरात पुठ्ठ्यावर ऑइलची स्पष्ट रेघ उमटली पाहिजे. तुरळक एखादा ठिपका म्हणजे रेघ नव्हे.

३. टाकीचे श्वासछिद्र. टाकीतून ऑइल कमी होते तशी आत हवा यावी लागते आणि त्यासाठी एक छोटी झडप असते. ती भुशाने बंद झाली तर यंत्र पाच-दहा मिनिटे नीट चालते आणि मग साखळी कोरडी पडते. अशा वेळी यंत्र बंद करून ऑइलचे झाकण हळू उघडावे. ‘सूं’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर दोष झडपेचा आहे आणि नळी उघडण्याचे कारण नाही.

४. प्रत्यक्ष नळी. तारेचा आकडा करून झाकणाच्या तोंडातून गाळणी बाहेर ओढावी आणि नळीचा जेवढा भाग दिसेल तेवढा वाकवून पाहावा. चांगली नळी बोटांत मऊ लागते आणि सोडताच सरळ होते. खराब नळी एकतर कडक होऊन वाकवल्यावर कडांना पांढुरक्या भेगा दाखवते, नाहीतर फुगून चिकट झालेली असते आणि बोटांना काळे लावते.

आणखी एक खूण फार उपयोगाची आहे. टाकी पूर्ण भरलेली असताना ऑइल येते आणि टाकी अर्ध्यावर आली की बंद होते, असे होत असेल तर भेग नळीच्या वरच्या भागात आहे. टाकी भरलेली असेपर्यंत ती भेग ऑइलमध्ये बुडालेली असते आणि म्हणून दोष झाकला जातो.

## नळीची निवड

शक्य असेल तर यंत्राच्या मॉडेलची साच्यातली मूळ नळीच घ्यावी. या नळीला ठरावीक वळण असते आणि टाकीच्या भिंतीत बसणारा जाड ओठ तिच्या अंगावरच घडवलेला असतो. जळगाव, धुळे किंवा भुसावळला भाग आणायला जाताना यंत्राच्या अंगावरील नावाच्या पाटीवरचा मॉडेल क्रमांक लिहून घ्यावाच, परंतु ५८ सीसीच्या चिनी बनावटीच्या यंत्रांत एकसारख्या दिसणाऱ्या मॉडेलांच्या नळ्या वेगळ्या निघू शकतात, म्हणून जुनी नळी सोबत न्यावी आणि काउंटरवरच दोन्ही शेजारी ठेवून लांबी, वळण, ओठाची जाडी आणि दोन्ही तोंडांची रुंदी जुळवून पाहावी. गाळणीही त्याच वेळी नवी घ्यावी. तिची किंमत मामुली असते आणि ती बदलण्यासाठी पुन्हा टाकी रिकामी करण्याचा त्रास वाचतो.

आपल्याकडे घरात जे सापडेल ते लावण्याची सवय आहे, आणि या बाबतीत ती महागात पडते. ठिबकची बारीक नळी खानदेशात प्रत्येक शेतात मिळते, म्हणून ती सर्रास वापरलेली दिसते. ती प्लास्टिकची आणि ताठ असल्यामुळे भिंतीच्या छिद्रात रबराप्रमाणे दबून बसत नाही, तिच्या कडेने ऑइल झिरपते आणि यंत्राच्या थरथरीने ती पंपाच्या तोंडावरून निसटते. सलाईनची नळी सुरुवातीला मऊ आणि सोयीची वाटते, परंतु ऑइलमध्ये राहून तिचा मऊपणा निघून जातो आणि ती कडक होते. सायकलची वॉल-ट्यूब तर सर्वांत वाईट, कारण साधे रबर खनिज तेलात फुगते आणि सैल पडते. मूळ भाग मिळतच नसेल तर ऑइल सहन करणारी नायट्राइल रबराची, त्याच मापाची नळी मागावी, आणि जुन्या नळीचा ओठ स्वतंत्र रबरी बुश स्वरूपात असेल तरच हा पर्याय निवडावा. ओठ नळीलाच जोडलेला असेल तर मूळ भाग येईपर्यंत थांबणे बरे.

## तयारी

काम घरात किंवा ओसरीवर, वारा लागणार नाही अशा जागी करावे. उन्हाळ्यात दुपारच्या झळांबरोबर जी धूळ येते ती उघड्या पंपावर बसते आणि पंपाला तीच मारते. खाली पांढरा किंवा फिकट रंगाचा कपडा अंथरावा, म्हणजे उडालेली क्लिप सापडते.

पुढील वस्तू काम सुरू करण्याआधीच जवळ ठेवाव्यात:

- यंत्रासोबत येणारा पाना. बहुतेक यंत्रांत पट्टीचे नट १३ मिमी आणि प्लग १९ मिमीचा असतो.
- यंत्राला लागतील त्या एलन किंवा टॉर्क्स की आणि एक सपाट पेचकस.
- क्लच उघडण्याचे त्या मॉडेलचे हत्यार किंवा क्लचच्या षटकोनी भागाला नीट बसणारा सॉकेट.
- लोकर न निघणारी, गाठीगुंठी नसलेली ५-६ मिमी जाडीची दोरी, साधारण हातभर. स्टार्टरची जुनी दोरी चालते, पण तिचे टोक उसवलेले नसावे.
- लांब नाकाची पक्कड, तारेचा आकडा, जुना टूथब्रश आणि थोडे डिझेल.
- स्वच्छ सुती चिंधी आणि झाकणाचे दोन डबे.

सावधान: पुसण्यासाठी कापसाचा बोळा वापरू नये. आपल्याकडे कापूस घरोघरी असतो आणि हात आपोआप तिकडे जातो, परंतु त्याचे तंतू टाकीत आणि पंपाच्या तोंडाशी अडकतात आणि नवी गाळणी पहिल्याच दिवशी चोंदते.

यंत्र पूर्ण थंड झालेले असावे. जवळपास चूल, विडी किंवा वेल्डिंग नसावे.

## टप्पा १: यंत्र रिकामे आणि स्वच्छ करणे

प्रथम प्लगची टोपी काढून बाजूला करावी. हे काम सर्वांत आधी करावे, कारण पुढे क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, हाताने फिरवावा लागणार आहे. त्यानंतर पेट्रोल डब्यात काढून झाकण घट्ट लावावे आणि ऑइलही वेगळ्या डब्यात काढावे.

झाकणे लावल्यानंतरच यंत्राची बाहेरची बाजू ब्रश आणि डिझेलने धुवावी. क्लचच्या कव्हरभोवतीचा भुशाचा थर आधी कोरडाच खरवडावा आणि मग डिझेल लावावे, नाहीतर तो ओला होऊन आत सरकतो. स्वच्छतेला अर्धा तास लागला तरी तो वाया जात नाही.

काढलेल्या ऑइलकडे पाहावे. ते काळे असेल आणि दोन बोटांत चोळल्यावर बारीक खरखर लागत असेल, तर यंत्रात जळके इंजिन ऑइल घातले गेले आहे. नळी आणि पंप लवकर जाण्याचे ते मोठे कारण आहे. असे ऑइल परत टाकीत घालू नये.

## टप्पा २: पट्टी, साखळी आणि कव्हर काढणे

कव्हर काढण्यापूर्वी साखळीचा ब्रेक सुटलेला आहे, म्हणजे पुढचा दांडा हँडलकडे ओढलेला आहे, याची खात्री करावी. काही यंत्रांत ब्रेकचा पट्टा कव्हरमध्येच असतो. ब्रेक लागलेला असताना कव्हर ओढून काढले तर पट्टा आवळलेल्या स्थितीतच बाहेर येतो आणि कव्हर परत ड्रमवर, म्हणजे क्लचभोवतीच्या वाटीवर, चढत नाही. पुष्कळ जण मग ठोकून बसवतात आणि कव्हर मोडतात.

नट सोडवून कव्हर, साखळी आणि पट्टी काढावी. साखळीला हात लावताना हातमोजे घालावेत.

आता क्लचची रचना पाहून घ्यावी, कारण पुढचा क्रम त्यावर अवलंबून आहे. काही यंत्रांत ड्रम आणि स्प्रॉकेट (साखळी फिरवणारे दातेरी चाक) बाहेरच्या बाजूला असतो आणि क्लच त्याच्या मागे दडलेला असतो. तिथे आधी ई-क्लिप (E आकाराची छोटी क्लिप) आणि वॉशर काढून ड्रम बाहेर घ्यावा लागतो. इतर यंत्रांत क्लच बाहेर असतो आणि ड्रम त्याच्या मागे. मोबाइलवर इथे एक फोटो घ्यावा आणि यापुढे प्रत्येक भाग निघण्यापूर्वी एक घ्यावा.

तपासणी: ई-क्लिप काढताना तिच्यावर बोट किंवा चिंधी धरावी. निघालेले भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कपड्यावर ओळीने मांडावेत. वॉशरची कोणती बाजू बाहेर होती तेही पाहावे.

## टप्पा ३: पिस्टन दोरीने अडवणे

क्लच सोडवताना क्रँक सोबत फिरू नये म्हणून पिस्टन अडवावा लागतो. त्यासाठी प्लग काढून त्याच्या छिद्रातून दोरी आत सोडतात. ही युक्ती सर्वांना माहीत असते, परंतु दोरी कधी सोडायची हे सांगितले जात नाही आणि नुकसान तिथेच होते.

क्लच घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हळूहळू फिरवत, प्लगच्या छिद्रातून टॉर्चच्या उजेडात पिस्टन वर येताना पाहावा. सिलिंडरच्या बाजूला असलेले सायलेन्सरचे दार, म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट, पिस्टनने पूर्ण झाकले की थांबावे. त्यानंतरच दोरी थोडी थोडी करून आत सरकवावी आणि तिचे शेवटचे टोक बाहेर राहू द्यावे. पिस्टन खाली असताना दोरी सोडली तर तिचा पीळ पोर्टमध्ये शिरतो आणि पिस्टन वर येताना पोर्टच्या कडेवर तो कापला जातो. दोरीचे तुकडे आत राहणे किंवा पिस्टनची रिंग अडकून मोडणे हे पुढचे दुखणे मग नळीच्या कामापेक्षा कितीतरी मोठे होते.

सावधान: पिस्टन अडवण्यासाठी छिद्रातून पेचकस, खिळा किंवा लोखंडी सळई कधीही घालू नये, कारण अॅल्युमिनियमच्या पिस्टनला सहज भोक पडते. फ्लायव्हीलच्या पात्यांत पेचकस अडकवणेही टाळावे. एक पाते तुटले तरी फ्लायव्हीलचा तोल जातो.

## टप्पा ४: क्लच उघडणे

बहुतेक चेनसॉ यंत्रांत क्लचला उलटे आटे असतात. म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो आणि विरुद्ध दिशेने फिरवल्यावर घट्ट होतो. अनेक क्लचवर बाण कोरलेला असतो. तो ब्रशने स्वच्छ करून पाहावा आणि त्याचेच ऐकावे. नेहमीच्या सवयीने उलट्या दिशेने जोर लावून क्लच आणखी आवळून बसवलेली यंत्रे मी दरवर्षी पाहतो. आटे खराब झाल्यावर क्रँकच बदलावा लागतो.

क्लचच्या षटकोनी भागावर सॉकेट पूर्ण बसवावा, यंत्र एका हाताने घट्ट दाबून धरावे आणि पान्याला सावकाश वाढता जोर द्यावा. दोरी दबल्याची मऊ जाणीव हाताला होईल, मग पाना ताठ होईल आणि क्लच ‘कट’ असा आवाज करून सुटेल. सुटत नसेल तर पान्याला नळकांडे लावून लांबी वाढवण्याऐवजी आधी आट्यांच्या मुळाशी डिझेलचे दोन थेंब सोडून अर्धा तास थांबावे. क्लचच्या बुटांवर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या तुकड्यांवर, छिन्नी ठेवून हातोडीने ठोकण्याची पद्धत गावोगाव चालते, परंतु त्याने बुटाची कड चेपते आणि पुढे क्लच ड्रमवर वाकडा घासतो.

क्लच निघाल्यावर लगेच दोरी बाहेर काढावी आणि ती पूर्ण, अखंड निघाली आहे हे पाहावे. प्लगच्या छिद्रात स्वच्छ चिंधीचा मोठा बोळा बाहेरून लावून ठेवावा, म्हणजे आत काही पडणार नाही.

## टप्पा ५: वर्म गिअर आणि पंप

क्लचच्या मागे पत्र्याचे झाकण, ड्रमचे नीडल बेअरिंग आणि वर्म गिअर दिसेल. बेअरिंग चिंधीने पुसून, त्याच्या सुया फिरतात का ते पाहून बाजूला ठेवावे. वर्म गिअर निघण्याआधी तो कोणत्या बाजूने बसला आहे याचा फोटो घ्यावा. काही यंत्रांत वर्मला तारेचा एक लहान हात असतो आणि तो ड्रमच्या खाचेत बसतो.

वर्मचे दाते इथे तपासावेत. ते धारदार पाचरीसारखे दिसत असतील किंवा एखाद्या जागी सपाट झिजलेले असतील, तर नुसती नळी बदलून उपयोग नाही.

पंपाचे स्क्रू सोडवताना ते एकाच लांबीचे आहेत का ते पाहावे. पंप झटका देऊन ओढू नये, कारण नळी अजून त्याला जोडलेली असते. नळी पंपाच्या तोंडावर चिकटली असेल तर ती पिळून ओढण्यापेक्षा ब्लेडने लांबीच्या दिशेने वरवर चिरून काढावी, मात्र तोंडावर ओरखडा येऊ देऊ नये, कारण नवी नळी त्याच गुळगुळीत पृष्ठभागावर हवाबंद बसायची असते.

तपासणी: पंपाचे तोंड वाटीतल्या स्वच्छ ऑइलमध्ये बुडवून त्याचे दातेरी चाक बोटाने, कामाच्या दिशेने, पुष्कळदा फिरवावे. दुसऱ्या तोंडाशी ऑइल येऊ लागले तर पंप चांगला आहे. पंप आणि यंत्राच्या अंगामध्ये रबरी रिंग किंवा छोटी दुसरी नळी असल्यास तीही पाहावी, आणि ती कडक झाली असेल तर आताच बदलावी.

## टप्पा ६: जुनी नळी काढणे

ओढण्याआधी ओठ कोणत्या बाजूला आहे ते नीट पाहावे. काही यंत्रांत नळी बाहेरून, पंपाच्या बाजूने ओढून निघते, तर काहींत ती टाकीत ढकलून झाकणाच्या तोंडातून बाहेर घ्यावी लागते. चुकीच्या बाजूने जोर केला तर ओठ तुटून त्याचे तुकडे टाकीत पडतात.

आधी झाकणाच्या तोंडातून गाळणी ओढून नळीपासून वेगळी करावी. मग ओठाभोवती ऑइलचे दोन थेंब सोडून बोथट पेचकसाने तो चहूबाजूंनी थोडा थोडा सैल करावा. टोकदार टोचा वापरू नये, कारण भिंतीच्या छिद्राची कड प्लास्टिकची किंवा नरम धातूची असते आणि तिच्यावर पडलेला एक चराही पुढे गळतीची वाट होतो.

नळी निघाल्यावर टाकी थोड्या डिझेलने दोन-तीन वेळा खळखळून घ्यावी. तळाशी साचलेला लगदा पाहून आश्चर्य वाटेल. टाकी उपडी ठेवून पूर्ण निथळू द्यावी. भिंतीचे छिद्र चिंधीत बोट घालून गोल पुसावे आणि नखाने कड तपासावी.

## टप्पा ७: नवी नळी बसवणे

सगळ्या कामाचे यश या टप्प्यावर आहे आणि घाई नेमकी इथेच होते.

नवी नळी जुन्या नळीच्या शेजारी ठेवून वळण कोणत्या दिशेला जाते हे ठरवावे. नळी दोन-तीन मिनिटे गरम पाण्यात ठेवावी. उकळते पाणी नको, बोट क्षणभर सहन करील इतके पुरे. मऊ झालेली नळी पुसून ओठाला ताजे चेन ऑइल लावावे. ग्रीस, साबण किंवा सिलिकॉन लावू नये.

नळी बाहेरून आत घालायची असेल तर टाकीच्या तोंडातून तारेचा आकडा छिद्रातून बाहेर काढावा, नळीचे टोक त्यात हलके अडकवावे आणि एका हाताने बाहेरून ढकलत दुसऱ्या हाताने आतून ओढावे. नुसते बाहेरून ढकलत राहिले तर नळी घडी पडून अडते, आणि नुसते आतून ओढले तर ओठ छिद्रातून पूर्णच आत निघून जातो. ओठ छिद्राच्या कडेवर आला की बोथट दांडीने, घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊ या जागी आळीपाळीने दाबत तो खाचेत उतरवावा.

बसला आहे हे कसे ओळखावे? ओठ नीट उतरला की तो भिंतीला सगळीकडून सारखा टेकतो आणि बोट गोल फिरवले तर कुठेही उंचवटा लागत नाही. नळी हलकेच ओढली असता ती ताणली जाते, सरकत नाही. एका बाजूला जरी रबराचा फुगवटा दिसला तरी पुन्हा काढून बसवावा.

सावधान: गळती थांबवण्यासाठी ओठाभोवती सिलिकॉन किंवा अॅरल्डाइट थापू नये. ऑइल लागलेल्या पृष्ठभागावर ते धरत नाही, आणि सुटलेले पापुद्रे टाकीत पडून गाळणीशी जातात.

आतल्या टोकाला नवी गाळणी पूर्ण खोलपर्यंत बसवावी. यंत्र वेगवेगळ्या बाजूंना कलते करून पाहावे. गाळणी टाकीच्या तळाच्या कोपऱ्यापर्यंत सैलपणे पोहोचली पाहिजे. नळी आखूड असेल तर टाकीत ऑइल असूनही कलत्या कामात साखळी कोरडी पडते, आणि फाजील लांब असेल तर नळीला घडी पडते. साच्यातली मूळ नळी कापून आखूड करण्याची गरज पडत नाही.

गळतीची तपासणी, पंप बसवण्यापूर्वी: नळीच्या बाहेरच्या तोंडात गुळगुळीत लहान बोल्ट घालून ते बंद करावे. टाकीत एक-तृतीयांश ऑइल घालून झाकण लावावे आणि नळी जिथून निघते ती भिंत खाली येईल असे यंत्र कागदावर आडवे ठेवावे. पंधरा मिनिटे थांबावे. कागद कोरडा राहिला तरच पुढे जावे. ही तपासणी आता चुकवली तर गळती कळण्यासाठी क्लचपर्यंत सगळे पुन्हा उघडावे लागते.

## टप्पा ८: परत जोडणी

पंपाच्या तोंडात ऑइलचे काही थेंब सोडावेत, म्हणजे पहिल्या फेऱ्या कोरड्या जाणार नाहीत. नळी तोंडावर शेवटपर्यंत चढवावी आणि पंप जागी बसवताना ती कुठे दबत नाही ना ते पाहावे. स्क्रू बसवताना तो आधी उलटा फिरवावा. आटा ‘टक्’ करून जागेवर पडल्याची जाणीव झाली की सुलटा आवळावा. यंत्राचे अंग नरम धातूचे किंवा प्लास्टिकचे असते, त्यामुळे स्क्रू घट्ट झाल्यावर आणखी जोर करू नये.

वर्मच्या दात्यांना थोडे ग्रीस, बेअरिंगलाही थोडे ग्रीस. वर्मला तारेचा हात असेल तर ड्रम बसवताना तो हात ड्रमच्या खाचेत गेला आहे याची खात्री करावी. ड्रम हाताने फिरवला की वर्म सोबत फिरला पाहिजे. फिरत नसेल तर हात खाचेबाहेर दबला आहे. तसेच चालवले तर तो मोडतो आणि पंप बंद राहतो. मग नवी नळीच खराब निघाली असा समज होतो.

क्लच घड्याळाच्या विरुद्ध दिशेने, आधी बोटांनी चढवावा. शेवटी आवळताना पुन्हा दोरी लागेल, परंतु या वेळी क्रँक उलट्या दिशेने फिरणार असल्याने पिस्टन त्या दिशेने वर येताना पोर्ट झाकेपर्यंत फिरवून मगच दोरी सोडावी. क्लच मध्यम जोराने आवळणे पुरेसे असते, कारण यंत्र चालताना तो त्याच दिशेने स्वतः घट्ट होत जातो.

दोरी काढावी, प्लग लावावा, ई-क्लिप खोबणीत पूर्ण बसल्याचे पाहावे. पट्टी बसवताना तिचे स्वच्छ केलेले छिद्र यंत्राच्या छिद्रासमोर येते का ते पाहून साखळी ताणावी. पट्टीच्या अंगाला साखळी खालून टेकलेली आणि हातमोज्याने ओढल्यास सहज सरकणारी असावी.

## टप्पा ९: ऑइल भरणे आणि चाचणी

टाकीत चेन ऑइलच घालावे. ते मिळाले नाही तर तात्पुरते, नवे आणि स्वच्छ २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल चालते. ट्रॅक्टरचे जळके ऑइल फुकट मिळते, परंतु त्यातला धातूचा कीस पंप झिजवतो आणि ते पट्टीवर धरूनही राहत नाही. खाद्यतेल टाकीत महिनोन्‌महिने राहिले तर डिंकासारखे घट्ट होते.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा ऑइल पातळ होऊन जास्त वाहते, तर डिसेंबरच्या पहाटे तेच जाड होते. यंत्राच्या तळाशी ऑइल कमी-जास्त करण्याचा स्क्रू असेल तर तो पहिल्या चाचणीसाठी मधोमध ठेवावा.

यंत्र सुरू करून मिनिटभर मंद चालू द्यावे आणि मग पुठ्ठ्याची चाचणी पुन्हा करावी. नव्या नळीत हवा असते, म्हणून पहिल्या मिनिटात रेघ उमटली नाही तरी घाबरू नये. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाही ती आली नाही, तर यंत्र बंद करून आधी पट्टीचे छिद्र, मग वर्म आणि ड्रमची खाच, आणि शेवटी पंपावरची नळी या क्रमाने पाहावे. कोरड्या साखळीने लाकूड कापून ‘येईल हळूहळू’ म्हणत राहू नये, कारण पट्टी निळी पडायला फार वेळ लागत नाही.

रेघ आल्यावर यंत्र पुसून, टाकी भरून, रात्रभर कागदावर ठेवावे. सकाळी कागदावर रुपयाएवढा डाग असेल तर तो पट्टीत आणि कव्हरमध्ये साठलेल्या ऑइलचा असतो आणि त्यात काही वावगे नाही. टाकीची पातळी खाली गेली असेल आणि कागद भिजला असेल, तर ओठ पुन्हा पाहावा लागेल.

शेवटची तपासणी प्रत्यक्ष कामावर होते. पेट्रोलची आणि ऑइलची टाकी एकाच वेळी भरून पडलेल्या निंबाचा जाड बुंधा कापायला घ्यावा. पेट्रोल संपून यंत्र बंद पडेल तेव्हा ऑइलच्या टाकीत तळाला थोडे ऑइल उरलेले दिसले पाहिजे. टाकी जवळपास भरलेलीच असेल तर ऑइल अजून पुरेसे ओढले जात नाही, आणि पेट्रोलच्या आधीच ऑइल संपले असेल तर तळाचा स्क्रू थोडा कमी करून दुसऱ्या टाकीला पुन्हा पाहावे.